सूतभर ढाळ

दिंद्रुड
शनिवार, ४ जानेवारी २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. त्रिंबकमामांस गहिनीनाथचा नमस्कार.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी स्वयंपाकघरात न्हाणीपुढच्या फरशीवर एक फुलपात्र पाणी ओतले आणि मोबाइलचे घड्याळ लावून बघत बसलो. अकरा मिनिटे झाली. पाणी जिथे ओतले तिथेच आहे.

चाळीस वर्षे फरशी कापण्याच्या मशीनपाशी काढल्याने तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. तुमच्या घरातल्या कोणाला मध्ये घालून हे बोलायचे नाही. म्हणून पत्र लिहितो.

मला स्वयंपाकघरातली आणि पुढच्या बोळीतली फरशी काढून दुसरी बसवायची आहे. एकूण १५६ फूट. पाडव्याच्या आत व्हायला हवे. पाडवा ३० मार्चला आहे, म्हणजे हातात पंच्याऐंशी दिवस आहेत. रोहिणी पाडव्याला लेकरू घेऊन माहेराहून यायची आहे. मुलगी २० डिसेंबरला झाली हे तुम्हाला आईने कळवलेच असेल. १ तारखेला बारसे झाले.

ही फरशी तुम्ही दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर स्वतः बसवली, माझ्या सासऱ्यांनी दिवाळीला दिलेल्या चाळीस नगांची, हे मी विसरलेलो नाही. एकही नग तडकलेला नाही. तुमच्या कामात खोट नाही. फरशी फार थंड पडते, एवढेच कारण आहे.

काल माजलगावला शिवशंकर टाइल्सवाल्याकडे गेलो होतो. त्याने जाड पुस्तक उघडले. भाव लिहून आणले आहेत. बांबूची पट्टी, फुटाला २८० रुपये. बुचाच्या सालीची लादी, तिचा भाव विचारून सांगतो म्हणाला, त्याने स्वतःही ती पाहिलेली नाही. खरबरीत टाइल ५५. कोटा ६०. शहाबादी ३०. लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची चटई २२. म्हणाला, आजकाल समदे पर्यावरणपूरकच मागतात. मी विचारले, आपल्याकडे कोण मागतं? तर म्हणाला, पुस्तकात लिहिलंय.

ओल्या पायाने चालले तरी चालेल आणि लेकरू रांगले तरी चालेल, अशी यातली कोणती? कृपा करून लवकर लिहा.

आपला भाचा,
गहिनीनाथ

---

आष्टी
१२ जानेवारी

गहिनीस मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून पोस्टमन मला म्हणला, कोर्टाचा कागद हाय का. मीबी जरा भ्यालो.

चाळीस वर्षं लोकं मला फरशी बसवायला बोलवत आले. माझीच फरशी उखडायला माझाच सल्ला मागणारा तू पयला. आठवतं का, पातळी बघायची पाण्याची नळी धरून दोन दिस माझ्या मागं लागलतास. मामा, हितं केसभर वर हाय. मामा, तितं केसभर खाली हाय. आडतीच्या काट्यावर मापाडी झालास तर घराचंबी माप काढलंस. काम झाल्यावर मधोमध काचेची गोटी ठेवलीस आन शेजारची चार घरं बोलावलीस, बघा, हलत न्हाई. मला ऐकू येत नव्हतं, पण तुझी मान ताठ झालेली दिसत होती.

आन आता म्हणतो थंड पडती. फरशी थंडच असती. गोधडी टाक.

बांबूचं म्हणशील तर बांबूवर माणूस एकदाच निजतो, तेबी दोनशे ऐंशी रुपये फुटानं न्हाई. प्लास्टिक घेऊ नको. त्याच्याखाली पाणी शिरलं की उंदीर मेल्यासारखा वास सुटतो. कोटा चांगला, पण पालिशचा कोटा ओला झाला की साबण.

थंडीसाठी कोणी पंच्याऐंशी दिवस मोजत न्हाई. खरं कारण लिही.

त्रिंबक

---

दिंद्रुड
सोमवार, २० जानेवारी, दुपारी सव्वाबारा. आडतीत माल नाही, काट्याशेजारी बसून लिहितो आहे.

ती. मामांस नमस्कार.

तुमचे पत्र १७ तारखेला मिळाले, पण त्याआधीच माझ्या हातून एक चूक झाली. १४ तारखेला संक्रांतीच्या बाजारात प्लास्टिकची चटई घेतली, ११५० रुपयांची. दोन दिवस बरी वाटली. तिसऱ्या दिवशी कोपरा उचलून पाहिला तर खाली पाणी साचलेले. वासाबद्दल तुम्ही लिहिले तसेच झाले. चटई आता गोठ्यात आहे आणि म्हैस तिच्यावर बसत नाही.

दुसरी गोष्ट. काल मी छिन्नी घेऊन सहा फरशा काढल्या. तुमच्या परवानगीची वाट पाहायला हवी होती, पण मला धीर धरता आला नाही. फरशा खालचे सिमेंट धरून निघाल्या, तीन फुटल्या. आता स्वयंपाकघरात खड्डा आहे आणि आई चुलीपाशी जायला कडेकडेने जाते. विचारते, "येड लागलंय का तुला? सासऱ्यानं दिलेली चांगली फरशी फोडतोस?" मी सांगितले, थंड पडते. ती म्हणाली, "मग चुलीत घाल."

तुम्ही खरे कारण विचारले. बारशाला जे झाले ते लिहितो. रोहिणीच्या माहेरी पाळण्याभोवती बायका बसल्या होत्या. आई सगळ्यांसमोर रोहिणीला म्हणाली, "या बारीला जपून ऱ्हाय बाई. सातव्या महिन्यात बाजार सुचला तुला, एक लेकरू घालवलंस." रोहिणी पाळण्याची दोरी ओढत राहिली. नंतर मी निघताना ती दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या फरशीवर मी माझं लेकरू उतरवणार न्हाई. फरशी काढा. आन काढताना खालून काय निघतंय ते समद्यांना दिसू द्या." त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. वीस दिवस होत आले. तिची आई उचलते आणि म्हणते, झोपली आहे.

तिला त्या फरशीचे असे का वाटते ते मला नीट कळत नाही. पण पाडव्याला ती आली नाही तर पुढे कधीच येणार नाही, असे मला वाटते. मला रात्री जेवण जात नाही. आडतीत परवा एका शेतकऱ्याचे माप दोनदा चुकले. नऊ वर्षांत असे झाले नव्हते.

गहिनीनाथ

---

आष्टी
२८ जानेवारी

गहिनीस आशीर्वाद.

सहा काढल्यास तर आता पुऱ्या काढ. अर्धी फरशी म्हणजे अर्धी मिशी.

शहाबादी घे, पण नवी घेऊ नको. आधीच खाणीतून निघालेली, कुणाची तरी जुनी, उखडून पडलेली शोध. त्या शिवशंकरच्या पुस्तकात पर्यावरण का काय म्हणतात ते हेच. एकदा डोंगर फोडला, पुन्हा कावून फोडायचा? आन शहाबादी उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात बेताची. दगड श्वास घेतो. काचेसारखी टाइल श्वास घेत न्हाई, घाम सोडती.

आता माझं ऐक. तुझ्या पत्रात एक गोष्ट जुळत न्हाई. पयलं लेकरू गेलं तवा तुझ्या आईनं मला सांगितलं, रोहिणी एकटीच आठवडी बाजारात गेलती, कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून घसरली. बाजारात घसरलेली बाई घरातल्या फरशीला कावून भ्याली?

मी बहिरा हाय, येडा न्हाई. तू मापाडी हायस, माझ्यापाशी माप मारू नको.

त्रिंबक

---

दिंद्रुड
सोमवार, ३ फेब्रुवारी, पहाटे पाच वाजता. आई उठायच्या आत.

ती. मामांस.

ती बाजारात गेली नव्हती.

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. सकाळी साडेसात. मी अंघोळ करून न्हाणीतून बाहेर आलो आणि पुढच्या खोलीत कपडे घालत होतो. आई शेतात होती. रोहिणी चुलीवरून पातेले उतरवून वळली. न्हाणीतले पाणी बाहेर येऊन तिच्या पायापर्यंत आले होते. टाइल पांढरी असल्याने पाणी दिसले नाही. मला फक्त आवाज आला. मी आलो तेव्हा ती कुशीवर पडलेली होती आणि पातेले अजून फिरत होते.

पाणी बाहेर येते हे तिने मला त्याआधी तीनदा सांगितले होते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी नळी लावून तिला दाखवले की फरशी काटेकोर आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, तू पाणी जास्त वापरतेस. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिले नाही.

फरशी बसवताना न्हाणीची जुनी उंच कड मीच तोडायला लावली होती, सगळे एका पातळीत यावे म्हणून. तुम्हाला आठवत असेल.

दवाखान्यात आई शेतातून तशीच आली. तिने विचारले, काय झालं? मी म्हणालो, बाजारात गेली होती, पायरीवरून घसरली. हे माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही सांगता येत नाही. आधी ठरवलेले नव्हते. रोहिणी खाटेवर होती, शुद्धीवर होती. तिने ऐकले. माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. मला वाटले, दोन दिवसांनी सांगू. मग लेकरू पुरून आलो. मुलगा होता. त्यानंतर सांगणे अजूनच अवघड झाले.

तेव्हापासून आई तिला बोलते. सणाला बोलते, पाहुण्यांसमोर बोलते. "चोळीचा खण आणायला गेली आन लेकरू देऊन आली." मी तिथेच बसलेलो असतो. रोहिणीने एकदाही मला उघडे पाडले नाही. मी समजत होतो की तिने माफ केले. बारशाच्या दिवशी कळले की ती वाट पाहत होती.

मामा, तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण फरशी कशी बसवायची ते सांगा. गावातले दोन्ही मिस्त्री कामावर परगावी आहेत. मी माझ्या हाताने बसवीन.

गहिनीनाथ

---

दिंद्रुड
मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

ती. मामांस नमस्कार.

पंधरा दिवस झाले, तुमचे उत्तर नाही. पोस्टात दोनदा विचारून आलो. तुम्ही रागावला असाल तर तसे लिहा. काही न लिहिणे सोसत नाही.

सगळ्या फरशा निघाल्या. एकोणचाळीस बसवलेल्या होत्या, धड निघाल्या चौदा. खाली मुरूम आहे. आई विटांवर पाय देत स्वयंपाक करते आणि माझ्याशी बोलत नाही, म्हशीशी बोलते. म्हणते, "बघ गं, यानं घराचं शेत केलं."

जुनी शहाबादी मिळाली. आमच्या आडतीचे मालक बद्रीनाथशेठ गोदामात काँक्रीट करत आहेत, जुन्या फरशा मागे रचून ठेवल्या होत्या. दोन फूट बाय दीड फूट, ५८ नग, १७४ फूट, फुटाला बारा रुपये. पैसे पगारातून कापतील. नऊ वर्षे मी ज्या फरशीवर काटा ठेवून उभा राहिलो तीच ही. पण घरी आणल्यावर पाणी टाकून पाहिले तर पाय सरकला. हमालांच्या पायांनी ती इतकी घासली गेली आहे की टाइलसारखीच निसरडी आहे. आता काय करू? परत घेणार नाहीत.

काल रोहिणीच्या वडिलांचा, राधाकिशनरावांचा, फोन आला. म्हणाले, "आमी दिलेली फरशी काढली म्हणं? आवडली न्हवती तर तवाच सांगायचं होतं, जावईबापू." मी हो-हो म्हणत राहिलो. त्यांनाही बाजाराचेच माहीत आहे.

चाळीस दिवस उरले आहेत. मामा, एक ओळ तरी लिहा.

गहिनीनाथ

---

आष्टी
२४ फेब्रुवारी

गहिनीस आशीर्वाद.

रागावलो न्हाई. डोळ्याचं आपरेशन झालं, मोतीबिंदूचं. पंधरा दिस वाचायचं न्हाई म्हणून डाक्टरनं सांगितलतं. तुझी दोन्ही पत्रं उशाखाली ठेवून निजत होतो. घरातलं कुणी वाचून दाखवतो म्हणलं तर मी दिली न्हाईत. काल पट्टी निघाली, काल वाचली. एका डोळ्यानं लिहितोय, वळी वाकड्या जातील.

आता माझंबी एक ऐक. ते मी कुणाला सांगितलं न्हाई.

न्हाणीपुढं फरशीला ढाळ पाहिजे, हे मिसरूड फुटायच्या आधी मला माझ्या उस्तादानं शिकवलं. फुटाला एक सूत. डोळ्याला दिसत न्हाई, पण पाण्याला कळतो. तुझ्याकडं बसवताना मला माहीत होतं. मी तुला एकदा म्हणलोबी, गहिनी, हितं उतार पाहिजे. तू नळी दाखवलीस, म्हणलास, मामा, काटेकोर पाहिजे. मी गप बसलो. तुझ्या हट्टामुळं न्हाई. ढाळ काढायचा तर आदल्या दिवशीच्या दोन वळी उचलून पुन्हा बसवाव्या लागल्या असत्या, अर्धा दिवस गेला असता, आन मला दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीत दुसऱ्याच्या कामावर हजर व्हायचं होतं. तिथला इसार, आगाऊ पैसे, घेतलता मी. भाच्याच्या घरातल्या अर्ध्या दिवसाचं मी माप मारलं. लेकरू गेल्याचं कळलं तवा बाजार म्हणले म्हणून मला बरं वाटलं, बघ. असं बरं वाटलं मला.

तू एकटा न्हाईस यात. पण एक फरक हाय. मी गप बसलो, तू बोललास. तुझ्या बोलण्याखाली ती पोरगी दबली.

म्हणून आधी आईला सांग. मग फरशी बसव. उलटं केलंस तर नुसतं दगडकाम व्हईल. भिवरा माझी बहीण हाय, मला ठाव हाय ती. तोंडानं तिखट, पण खोट्याच्या बाजूला बसणारी न्हाई.

आता काम.

फरशी घासली गेली तर पालथी घाल. शहाबादीचा तळ खाणीतून निघाला तसाच खरबरीत असतो. शंभर वर्षं एका अंगानं वापरली, दुसरं अंग कोरं. नवं काय आणायचं न्हाई.

सिमेंट घालू नको. कळीचा चुना आण, पिंपात आठ-दहा दिस भिजत घाल, रोज ढवळ, हात घालू नको, कातडं जाईल. त्यात वाळू आन विटांचा भुगा. गुळाचं पाणी घाल थोडं. चुना हळू धरतो, म्हणून तर चूक झाली तर दुरुस्त करता येती. सिमेंट दुरुस्त करू देत न्हाई.

दारापासून न्हाणीच्या मोरीपर्यंत किती फूट ते मोज. जितके फूट तितके सूत. नळी वापरू नको. तांब्यानं पाणी ओत आन पाण्याला विचार.

बसवल्यावर ओली पोती झाक. दहा-बारा दिस पाय देऊ नको.

त्रिंबक

---

दिंद्रुड
मंगळवार, ११ मार्च, दुपारी दोन. दोन ओळी बसवून झाल्या आहेत, तिसरीचा माल कालवून ठेवला आहे.

ती. मामांस नमस्कार.

तुमचे पत्र २८ ला मिळाले. १ मार्चला, शनिवारी सकाळी, आई ज्वारी निवडत होती तेव्हा तिच्यासमोर बसलो आणि सांगितले. उभ्याने सांगता आले नसते.

तिने सूप खाली ठेवले नाही. सगळे ऐकले. मग विचारले, "कुठं पडली?" मी जागा दाखवली. तिथे आता नुसता मुरूम आहे. तिने विचारले, "मी तिला पाळण्यापाशी बोलले तवा तू कुठं होतास?" मी म्हणालो, ओसरीवर. "ऐकू येत होतं?" मी म्हणालो, हो.

"तुझ्या मामाला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली, "तुला काय झालतं?"

त्यानंतर ती दिवसभर बोलली नाही. म्हशीशीही नाही. संध्याकाळी मला भाकरी वाढली, स्वतः घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या एसटीने रोहिणीच्या माहेरी गेली. मला चल म्हणाली नाही. मी येऊ का म्हणालो तर म्हणाली, "तू आधी ढाळ काढ."

चार दिवसांनी परत आली. तिथे काय झाले ते सांगत नाही. मी विचारले, येणार का ती? म्हणाली, "मी तिला ये म्हणलेच न्हाई. म्हणायला तोंड पाहिजे." राधाकिशनरावांचा फोन आला नाही. मी केला, त्यांनी उचलला नाही.

चुना आठ दिवस भिजवला. तुम्ही सांगूनही एकदा हात घातला, दोन बोटांची साल गेली. दारापासून मोरीपर्यंत बारा फूट, म्हणून बारा सूत, म्हणजे दीड इंच. पहिली ओळ मी तीनदा उचलली. तुमचे खरे आहे, चुना उचलू देतो. नळी मी माळ्यावर टाकून दिली आहे. पण सवय जात नाही, मामा. डोळा सरळ रेष शोधतो, आणि फरशी उतरती दिसली की वाटते चुकली. मग तांब्याने पाणी ओततो. पाणी गेले की पुढची फरशी ठेवतो. दिवसाला सहा-सातच होतात. आडतीतून सुट्टी घेतली आहे, बिनपगारी.

आई माल कालवून देते. काल काम करताना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "गूळ कमी पडला."

ती आलीच नाही तर ही फरशी कोणासाठी, असा विचार दिवसातून दहादा येतो. तेव्हा हात थांबतात. मग चुना वाळेल म्हणून पुन्हा सुरू करतो.

गहिनीनाथ

---

(ही चिठ्ठी शुक्रवारी, २१ मार्चला, रोहिणीच्या गावाहून दूधवाल्याच्या हाती आली. मामांना पाठवण्यासाठी उतरवून घेतली.)

आई आल्या होत्या. आमच्या अंगणात, माझ्या आईसमोर, वडिलांसमोर आणि शेजारच्या बायकांसमोर त्यांनी सांगितलं की ही बाजारात गेली नव्हती, घरात पडली, माझ्या पोरानं खोटं सांगितलं आणि मी ते हिच्या डोक्यावर वाजवलं. मग मला म्हणाल्या, मला जे बोलायचं ते बोल. मी लेकरू त्यांच्या हातात दिलं. चार दिवस त्यांनी लेकराला न्हाऊ-माखू घातलं.

बोलायला पाहिजे होतं तुम्ही. बोलल्या त्या.

पाडव्याला येईन. पण आत यायचं का नाही, ते फरशी बघून ठरवीन. वडील जीप घेऊन सोबत असतील. परत जायला.

रोहिणी

---

दिंद्रुड
सोमवार, ३१ मार्च २०२५, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. न्हाणीपुढे ओले पोते झाकून आत्ताच उठलो.

ती. त्रिंबकमामांस नमस्कार.

काल पाडवा झाला. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून घडले तसे लिहितो.

जीप अकराला आली. राधाकिशनराव खाली उतरले नाहीत. गाडी चालू ठेवून बसले. रोहिणी उतरली, लेकरू आईच्या हातात दिले आणि चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. फरशी तिने बराच वेळ पाहिली. गोदामातली काळपट, एकसारखी नाही, सांधे जाड झालेत, दोन ठिकाणी माझ्या बोटांचे ठसे चुन्यात राहिले आहेत. दिसायला टाइलपुढे काहीच नाही.

ती म्हणाली, "तांब्या द्या."

मी भरून दिला. तिने उंबऱ्याबाहेरूनच सगळा तांब्या ओतला. पाणी निघाले. पहिल्या ओळीवरून दुसरीवर, मग चुलीच्या कडेने. मी मनात आकडे मोजत होतो. आई लेकरू घेऊन भिंतीला टेकली होती, तीही पाण्याकडेच बघत होती. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. अकरापर्यंतही मोजून झाले नव्हते.

मला वाटले, झाले.

रोहिणी म्हणाली, "ते बघा."

न्हाणीपासून तिसऱ्या फरशीवर पाणी राहिले होते. भाकरीएवढे. फार तर दोन फुलपात्री. फरशीचा एक कोपरा दबला असावा. मी त्याच जागेवर दहादा पाणी ओतून पाहिले होते, पण तेव्हा माल ओला होता, नंतर बसला. मी म्हणालो, उद्या काढतो. आता सणाचं जेवण करू, उद्या काढतो.

माझे शब्द मलाच ऐकू आले, मामा. तिने तीनदा सांगितले होते तेव्हाही मी असेच टाळले होते.

मी उठलो आणि छिन्नी आणली.

तिने मला पाहिले. मग जीपपाशी गेली. वडिलांशी काय बोलली ते ऐकू आले नाही. गाडी बंद झाली. परत येऊन ती बाहेरच्या ओट्यावर बसली, लेकरू मांडीवर घेतले आणि म्हणाली, "काढा. मी बसते."

फरशी पालथीची सुलटी झाली, पुन्हा पालथी केली. आईने चुना कालवला. राधाकिशनराव शेवटी आत आले, उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "जरा डाव्या अंगाला उचला जावईबापू." तिसऱ्यांदा पाणी ओतले तेव्हा चार वाजले होते. थांबले नाही. गुढी आम्ही सकाळीच उभारली होती, पुरणपोळी साडेचारला खाल्ली, ओट्यावर बसून. रोहिणी वडिलांना म्हणाली, "तुमी जावा."

रात्री ती पुढच्या खोलीत, सिमेंटच्या कोब्यावर झोपली. स्वयंपाकघरात तिने अजून पाऊल ठेवलेले नाही. त्या पुन्हा बसवलेल्या फरशीवर बारा दिवस पाय द्यायचा नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "ठावं हाय. मामांचं पत्र वाचलंय मी." तुमची सगळी पत्रे आईने तिला दिली आहेत. माझ्याही पत्रांच्या नकला. मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो हे आईला माहीत होते.

माझ्याशी ती कामापुरते बोलते. लेकरू मात्र सकाळी मांडीवर दिले.

हिशेब लिहितो, म्हणजे तुमच्याकडेही राहील.

झालेला खर्च: जुनी शहाबादी, ५८ नग, २०८८. टेम्पो ४००. चुना सहा गोणी १६८०. वाळू १५००. विटांचा भुगा ३००. गूळ चार किलो १८०. छिन्नी, हातोडा, थापी ६४०. प्लास्टिकची चटई, वाया, ११५०. एकूण ७९३८ रुपये. त्यांपैकी रोख दिले ५८५०.

देणे: बद्रीनाथशेठ, २०८८, चार पगारांतून.

राधाकिशनराव, चाळीस टाइल. धड निघालेल्या चौदा आणि न बसवलेली एक, अशा पंधरा घराच्या मागे रचून ठेवल्या आहेत. बाकीच्यांचे ते काही बोलले नाहीत.

तुम्ही, शिकवण्याची मजुरी. तुमच्या अर्ध्या दिवसाचे काय धरायचे ते तुम्हीच लिहा.

रोहिणी, १२ ऑक्टोबर २०२३ पासून १ मार्च २०२५ पर्यंत, एक वर्ष चार महिने सतरा दिवस. याचा भाव मला काढता आला नाही, म्हणून नुसते लिहून ठेवले आहे.

आपला भाचा,
गहिनीनाथ